पहिलं वाक्यच जमत नाही? मग हे करून बघा

माझ्या एका वहीत एकाच कथेचं पहिलं वाक्य अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडलेलंय, दुसरं वाक्य त्या वहीत नाहीच. तुमचंही असंच होत असेल तर सगळ्यात आधी एक ठरवा, लिहायचं एका दिवशी आणि सुधारायचं दुसऱ्या दिवशी.

भरीत करताना आपण वांगी सालासकट तुरीच्या काड्यांवर पार काळी होईपर्यंत भाजतो, साल नंतर आपोआप सुटतं, कच्चं वांगं सोलत बसलं तर भरीत होईल का? तसंच मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावा, पेनानेच लिहा, काहीही खोडू नका, शब्द आठवला नाही तर फुली मारून पुढे जा (मी सरळ "इथे पावसाचं काहीतरी" असं लिहिते). टायमर वाजला की वही बंद, परत वाचायचंही नाही. सुधारायला आठवड्याने बसा.

आता खरा मुद्दा. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या लोकांची निम्मी भीती भाषेची असते, आपलं बोलणं गावठी, पुण्याचे लोक काय म्हणतील. माझ्या कथेतली आजी "कथा जाई राहिना रे?" असं विचारायची, मी घाबरून ते "कुठे चालला आहेस बाळा?" केलं आणि आजी गेलीच हो कथेतून, दुसरीच कोणीतरी बाई बोलायला लागली. शेवटी जुनं वाक्य परत आणलं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरकाम-शेतकाम करता करता त्या आपल्याच बोलीत ओव्या रचायच्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवल्या म्हणून त्या गेल्यावर 1952 ला पुस्तक आलं. म्हणून डोक्यात वाक्य ज्या बोलीत येतं त्याच बोलीत उतरवा. लिहिताना हात अडतच असेल तर व्हॉइस नोटमध्ये बोला, मग ऐकून लिहा.

सुधारताना फक्त तीन हात फिरवा, चौथा नाही, चौथ्यात मी तरी नेहमी चांगलंच वाक्य बिघडवलंय. मग एकाच विश्वासातल्या माणसाला वाचायला द्या, पण "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "कुठे कंटाळा आला?" असं विचारा आणि ते बोट ठेवतील तेवढंच बघा.

आजीची कथा मी अशीच पूर्ण करून एका दिवाळी अंकाला पाठवली, परत आली, आता दुसरीकडे पाठवलीये, आणि वीस मिनिटांचा टायमर नव्या कथेसाठी लावलाय.