पिलांना हगवण लागली? पहिल्या इंजेक्शनाआधी नमुना घ्या

थंडी पडली की वराहपालकांचे फोन सुरू होतात. पिलं पिवळसर पातळ हगतायत, दुकानदाराने दिलेलं इंजेक्शन टोचलं, फरक नाही. नमुना घेतला का, विचारलं की पलीकडे शांतता. या एका हयगयीपायी अख्खं वेत जाताना मी पाहिलं आहे.

हगवण दिसायला सारखी, पण जंतूची जात वेगळी. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू बारीक तंतूंनी आतड्याला चिकटतो आणि कोणते तंतू यावर तो कोणत्या वयाच्या पिलाला धरतो हे ठरतं. एफ५, एफ६, एफ४१ या तंतूंचे मुख्यतः पहिल्या काही दिवसांत. एफ४ (जुनं नाव के८८) जन्मापासून दूध तोडल्यानंतरही. एफ१८ ला नवजात पिलाच्या आतड्यात धरायला जागाच नसते, तो दूध तोडल्यावर येतो. त्याच्या काही जाती वेगळंच विष सोडतात: पापण्या सुजतात, चाल लटपटते, कळपातलं चांगलं धष्टपुष्ट पिलू हगवणीशिवायही मरतं. पहिल्या तीन दिवसांत रक्ताची हगवण असेल तर क्लॉस्ट्रिडियम 'सी' या दुसऱ्या जिवाणूचा संशय घ्या; तिथे लक्षणं दिसल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

एका जातीवर चालणारं औषध दुसरीवर चालेलच असं नाही. म्हणून दुकानातली महागडी पावडर आधी नको. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कुणी देऊ केलं तर घेऊच नका, खाद्य-जनावरांत त्यावर २०१९ पासून बंदी आहे.

नमुना असा घ्या: आजच हगवण लागलेलं, औषध न दिलेलं पिलू निवडा. गुदद्वारातून निर्जंतुक काडीवर विष्ठा घ्या. बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत पाठवा; पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. जंतूचा प्रकार आणि कोणतं औषध लागू पडेल, दोन्ही तपासायला सांगा. पिलू नुकतंच मेलं असेल तर तेही द्या.

माझा एक आडाखा: ताज्या हगवणीत लाल लिटमस कागद निळा झाला तर ई. कोलायकडे बोट, निळा लाल झाला तर बहुधा विषाणू. यावर औषध ठरवू नका, नमुना पाठवाच.

अहवाल येईपर्यंत:
- १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. थोडं थोडं, वारंवार
- पिलांच्या कोपऱ्यात दिवा, ३२ ते ३४ अंश
- कोरडा पेंढा, वाऱ्याचा झोत अडवायला पोती
- आजारी वेताचं काम सगळ्यात शेवटी, बूट-झाडू वेगळे

नव्या वेताला चीक पहिल्या सहा तासांत पाजा. गाभण डुकरिणीला लस टोचायची असेल तर ती तुमच्याकडे सापडलेल्या जंतूच्या जातीवर चालते का, हे अहवाल पाहून पशुवैद्यकाला विचारा. आणि लस टोचली म्हणून दूध तोडल्यावर निर्धास्त राहू नका: दुधातून मिळणारं संरक्षण दुधाबरोबरच थांबतं.