स्वस्त रडार डिटेक्टर घेण्यापूर्वी काय तपासावे

नाशिकहून मुंबई, धुळे किंवा शिर्डीकडे वरचेवर मोटार घेऊन जाणाऱ्यांनी स्वस्तातला रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागताच वाजणारे यंत्र, घ्यावा की नाही, हे त्याच्या किमतीवरून ठरवू नये; आपल्या रस्त्यावर वेग कोणत्या यंत्राने मोजला जातो, ते आधी पाहावे.

डिटेक्टर हा मुळात रेडिओ लहरी टिपणारा रिसीव्हर असतो. रडार गन 24 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या के बँडवर किंवा 33.4 ते 36 गिगाहर्ट्झच्या केए बँडवर लहरी सोडते आणि त्या चहूकडे विखुरत असल्यामुळे चांगल्या डिटेक्टरला दुरूनच लागतात. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतील लेझर गनचे मात्र तसे नसते. तिचा अदृश्य किरण 300 मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो आणि थेट आपल्या गाडीवरच रोखलेला असतो, त्यामुळे डिटेक्टर वाजलाच, तरी तोवर वेगाची नोंद होऊन गेलेली असते. सरासरी वेग काढणारे कॅमेरे तर नंबरप्लेट वाचून दोन ठिकाणांमधला वेळ मोजतात. 10 किलोमीटर 5 मिनिटांत कापले, की वेग 120 भरतो. तेथे टिपण्यासारखी लहरच नसते.

उलट नको तेथे हे यंत्र हमखास वाजते. माझ्या मावसभावाने असे एक घेतले होते. कॉलेज रोडवर दुकानांची आपोआप उघडणारी काचेची दारे आणि शेजारून जाणाऱ्या नव्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर यांपैकी अनेक के बँडवरच चालत असल्याने ते इतके किंचाळत राहिले, की मुंबई नाक्याला पोहोचेपर्यंत त्याने वायर उपटून डिकीत टाकली.

तरीही घ्यायचेच असल्यास ते परत करण्याची मुदत आहे ना, त्याच्या जीपीएसमधील वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या ठिकाणांची यादी भारतातील आहे की परदेशातील, आणि संवेदनशीलता कमी करण्याचे बटण आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे. ‘सोळा बँड’ अशा जाहिरातीला भुलू नये, कारण त्यांपैकी बहुतेक येथे कामाचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी 1000 ते 2000 रुपये दंड आहे. शिवाय जुलै 2019 नंतर बनलेल्या गाडीत 80 च्या वर अधूनमधून आणि 120 च्या वर सतत वाजणारी सूचना कंपनीनेच बसवलेली असते. पैसे मोजण्यापूर्वी समृद्धी महामार्गावरची एक फेरी तिच्याच भरवशावर करून पाहावी.