दोऱ्याला बांधलेला नट आणि अभिजात भौतिकी

पदवीच्या पहिल्या वर्षी मी भौतिकशास्त्र सूत्रांच्या वहीतून शिकलो. वही सुबक होती, गुण जेमतेम. परीक्षेत उतारावरच्या ठोकळ्याची दोरी कप्पीवरून नेलेली दिसली की कुठलं सूत्र लावायचं तेच सुचायचं नाही. शेवटी एका सीनियरने वही मिटायला लावली. "आधी ठोकळ्याला कोण कोण ओढतंय, ढकलतंय ते बघ. बाण काढ." खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

अभिजात म्हणजे साधारण 1900 पूर्वी उभी राहिलेली भौतिकी. जुनी म्हणून बाद झालेली नव्हे. पूल आजही तिच्याच हिशोबावर बांधतात. शाखा बऱ्याच आहेत, पण सुरुवात यामिकीनेच करा, म्हणजे न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या गतीच्या नियमांनी. आणि तिथे वेळ घालवा.

एक मीटर दोऱ्याला बोल्टवर बसतो तसला लोखंडी नट बांधा, छोटासा झोका द्या, दहा आंदोलनं मोजा (जाऊन परत आला की एक). साधारण 20 सेकंद लागतील. आता वजन दुप्पट करा. तरी 20च. मी पहिल्यांदा दुसरा नट पहिल्याच्या खाली लटकवला आणि वेळ वाढल्यावर खूश झालो. प्रत्यक्षात लांबी वाढली होती, कारण ती वजनाच्या मध्यापर्यंत धरायची असते. वजन दुप्पट झालं की ओढ दुप्पट होते, पण जडत्वही, म्हणजे हलायला होणारा विरोधही, दुप्पट होतं, म्हणून हिशोब फिटतो. दोरा पाव मीटर केला तर वेळ निम्मा होतो, पाव नाही, कारण सूत्रात लांबीचं वर्गमूळ येतं. हे हातांनी केल्यावर सूत्र पाठ करावं लागलं नाही.

पुढे हाच नट सगळीकडे भेटतो. तो हळूहळू थांबतो, ऊर्जा उष्णतेत जाते. ती उष्मागतिकीची, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राची हद्द. तिथे एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली याचं माप) पहिल्या वाचनात कळली नाही तर घाबरू नका, मला तिसऱ्यांदा कळली. तारेचं वेटोळं आणि धारित्र (विद्युतप्रभार साठवणारा कपॅसिटर) जोडलं की विद्युतप्रभार तसाच झोके घेतो, समीकरणही तेच, फक्त अक्षरं बदललेली. असे दोलक, म्हणजे झोके घेणाऱ्या वस्तू, ओळीने एकमेकांना जोडले की तरंग तयार होतो, आणि ध्वनीचा अभ्यास तिथून सोपा जातो. मॅक्सवेलने 1860च्या दशकात विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. प्रकाशशास्त्र विद्युतचुंबकत्वाच्या घरात आलं. भिंग-आरशांचा भाग मात्र भरभर उरका.

कलन (कॅल्क्युलस) आणि सदिश (दिशा असलेल्या राशी) सोबत शिका. "गणित आधी संपवतो, मग भौतिकी" म्हणणारे माझे दोन मित्र भौतिकीपर्यंत पोचलेच नाहीत.

तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशोब मात्र या भौतिकीला जमेना. 1900 मध्ये प्लांकने तो जुळवला, पण त्यासाठी दोलकाची ऊर्जा ठरावीक पुड्यांतच घ्यावी लागली. तो अभ्यासक्रम पुढच्या वर्षीचा.