डेटाबेस सांभाळताय? मग या चुका टाळा (मी करून बसलोय)

दर महिन्याला कोणीतरी पोरगा फोन करतो, दादा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) व्हायचंय, कुठला कोर्स करू. कर रे बाबा कुठलाही, पण आधी हे ऐक. मी रत्नागिरीत बसून आंबावाले, एक ट्रान्सपोर्टवाला, एक पतसंस्था अशांचे डेटाबेस बघतो, आणि सगळीकडे त्याच त्या चुका बघून आता वीट आलाय.

बॅकअप आहे ना, मग झालं

एप्रिलचा शेवट, हापूसचा सीझन फुल्ल. एका आंबावाल्याकडे ऑफिसातल्या पोराला एका पार्टीचा भाव दुरुस्त करायचा होता. त्याने अपडेट क्वेरी (डेटा बदलायची आज्ञा) दोन ओळीत लिहिली, व्हेअर (कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट) खालच्या ओळीत, आणि माउसने वरचीच ओळ सिलेक्ट करून रन मारलं. ४१२६ रो (नोंदी) अफेक्टेड. शेठचा मला फोन, "अरे फेब्रुवारीतली पेटी आणि कालची पेटी एकाच भावाने कशी गेली?" सगळ्या पट्ट्यांवर (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) २८०० रुपये!

मी म्हटलं घाबरू नका शेठ, रोज रात्री बॅकअप होतो, आणि ऐटीत फोल्डर उघडला. तीस फायली, तारखेप्रमाणे ओळीत, बघूनच बरं वाटलं. मग साइजकडे लक्ष गेलं. २० बाइट. सगळ्याच्या सगळ्या.

झालं असं की फेब्रुवारीत मीच मायएसक्यूएलचा (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) पासवर्ड बदलला आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदलायचा विसरलो. डंप (डेटाची फाइल काढणं) फेल होत होता, पण पुढे पाइपने (एका कमांडचा माल दुसरीला देणारी जोडणी) जीझिप (फाइल दाबून लहान करणारं) जोडलेलं, ते बिचारं रिकामा माल इमानदारीत पॅक करत होतं, आणि रिकामी जीझिप फाइल २० बाइटची असते. क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) खूश, कारण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा रिझल्टच धरला जातो. वर तीस दिवसांपेक्षा जुन्या फायली डिलीट करणारी ओळसुद्धा माझीच, त्यामुळे चांगले बॅकअप केव्हाच साफ. बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) तरी असेल म्हणून बघितलं तर ते ५.७ व्हर्जन, त्यात बिनलॉग मुळात बंदच असतो (८.० पासून चालू असतो). दोन रात्री बसून वाशीहून आलेल्या कागदी पट्ट्या बघून भाव परत टाकले, शेठच्या घरचा चहा पीत, मान खाली घालून.

तेव्हापासून स्क्रिप्टच्या वरच पाइपफेल (मधली कमांड फेल झाली तरी सगळंच फेल धरणारी सेटिंग), आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका जुन्या लॅपटॉपवर बॅकअप रिस्टोर करून शेवटची पट्टी कितव्या नंबरची आली ते बघतो. कंटाळा येतो, तरी बघतो.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्यांचंच होतं असं नाही हो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी) चालू सर्व्हरचाच डेटा चुकून उडवला गेला, पोस्टग्रेसचा (मायएसक्यूएलसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) डंप व्हर्जन जुळत नसल्यामुळे होतच नव्हता आणि फेल झाल्याचे मेलही कोणापर्यंत पोचत नव्हते, शेवटी सहा तास जुन्या कॉपीवर भागवलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहून ठेवलंय, फुकट आहे, कोर्सची फी भरायच्या आधी ते वाचा.

आणि बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरशेजारी ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा एका दुकानात सर्व्हर खाली आणि हार्डडिस्क वरच्या फळीवर, दोन्ही चिखलात.

घाईत अपडेट

त्या पोराला मी ओरडलो नाही, कारण ट्रान्झॅक्शन (बदल पक्का करायच्या आधी मागे घेता येतो ती सोय) मीच शिकवलं नव्हतं. माझी सवय अशी: आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट, किती रो येतात ते कागदावर लिहायचं, मग बिगिन, अपडेट, आकडा जुळला तर कमिट (बदल पक्का) नाहीतर रोलबॅक (बदल मागे). मायएसक्यूएलमध्ये टेबलचा प्रकार इनोडीबी आहे का तेवढं बघा, मायआयसॅमवर रोलबॅक चालत नाही. आणि त्याच्या कमांडलाइनला 'आय ॲम अ डमी' नावाचा ऑप्शन खरंच आहे, तो लावला की की-कॉलमवरचा व्हेअर किंवा लिमिट नसेल तर अपडेट-डिलीट होतच नाही. मी लावतो. लाज कसली.

बाकीच्या, पटापट

ॲप्लिकेशनला रूट युजर (सगळे अधिकार असलेला) देणं: नको.

क्वेरी स्लो झाली की दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची): आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) बघा, प्रत्येक इंडेक्स इन्सर्टच्या वेळी वसुली करतो.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं यूटीएफएट (अक्षरं साठवायची पद्धत): मराठी नावं बसतात म्हणून लोक गाफील राहतात, आणि मग कोणीतरी शेऱ्यात आंब्याचा इमोजी टाकतो, तो त्यात बसत नाही. यूटीएफएट-एमबीफोर घ्या.

नेटवरून किंवा एआयकडून कमांड उचलून थेट चालू सर्व्हरवर पेस्ट: अशा माणसाचा फोन मी रविवारी उचलत नाही.

शिकायचं कुठे म्हणाल तर पोस्टग्रेसचं अधिकृत मॅन्युअल, फुकट, पीडीएफपण मिळते, पावसात नेट गेलं तरी वाचता येतं. लॅपटॉपवर सकिला नावाचा मायएसक्यूएलचा नमुना डेटाबेस टाका, त्यातलं एक टेबल मुद्दाम ड्रॉप करा आणि घड्याळ लावून परत आणा. पहिल्यांदा मला अडीच तास लागले होते.