पहिली प्रोग्रामिंग लँग्वेज निवडताना: क्लासची फी भरण्याआधीची तयारी

फी भरण्याआधी एक रविवार मोकळा ठेवा आणि वही-पेन घेऊन नोकरीच्या पोर्टलवर बसा. ठिकाण आधी आपलं नाशिक टाका, मग पुणे, मग मुंबई-नवी मुंबई. अनुभव शून्य ते दोन वर्षं. प्रत्येक शहराच्या तीस जाहिराती पूर्ण उघडून वाचा आणि वहीत भाषांचे रकाने पाडून उभ्या रेघा मारत जा. नुसती मथळ्यांवर नजर टाकली तर हिशेब चुकतो. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्टच्याही जाहिराती येतात, एकच जागा तीन एजन्सींनी टाकलेली असते, आणि मथळ्यात पायथन असलं तरी खाली ‘तीन वर्षांचा अनुभव’ लिहिलेला असू शकतो. ‘ट्रेनिंगनंतर नोकरी पक्की, डिपॉझिट भरा’ असं दिसलं की ती जाहिरात मोजू नका. तिथे नोकरी नसते, क्लास विकायला असतो. भाषेबरोबर मागितलेल्या गोष्टींच्या रेघाही मारा: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), गिट (कोडमधले बदल जपणारं साधन), जावाची तयार चौकट स्प्रिंग बूट, वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी रिअ‍ॅक्ट. बहुतेकांच्या वहीत एसक्यूएलच्या रेघा कोणत्याही एका भाषेपेक्षा जास्त भरतात, त्यामुळे ती शिकायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

वही भरली की ठरवायचं ते गाव आणि कामाचा प्रकार. पुण्या-मुंबईच्या मोठ्या आयटी कंपन्या, बँका, विमा यांच्यामागची सॉफ्टवेअर म्हटलं की जावा. वेबसाइट आणि वेब अ‍ॅप करायचं तर जावास्क्रिप्ट, ती हातात बसल्यावर तिच्यावरच बेतलेली टाइपस्क्रिप्ट. डेटा, ऑटोमेशन, टेस्टिंगसाठी पायथन. नाशिकमध्येच राहायचं असेल आणि शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचं असेल, तर अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांकडे आधी बघा. तिथे पीएलसी (मशीन चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) चालतात, त्यांचा प्रोग्राम बहुधा लॅडर डायग्राममध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत असतो, आणि मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणातल्या छोट्या संगणक-चिपच्या) कामाला सी ही भाषा लागते. ही वाट फॅशनेबल नाही म्हणून मुलं ती सोडतात, हे आम्हाला पटत नाही. मशीन कळणारा आणि कोडही लिहिणारा माणूस सहज मिळत नाही. मात्र सी शिकताना पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं व्हेरिएबल) आणि बिटवाइज ऑपरेटर (एकेका बिटवर काम करणारी चिन्हं) टाळून पुढे जाता येत नाही. इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून मध्येच धावणाऱ्या कोडमध्ये) बदलणारं व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ (कधीही बदलेल असं) जाहीर केलं नाही, तर कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) त्याची जुनी किंमतच वापरत राहू शकतो. मग टेबलावर नीट चालणारं बोर्ड कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) चालू करताच अडकतं.

दोन भाषांमध्ये मन अडकलं असेल तर शनिवार-रविवार दोन्हींत एकच छोटं काम करून बघा. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे महिनाभराचे भाव एक्सेलमध्ये भरा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करा आणि सगळ्यात जास्त भाव कोणत्या दिवशी मिळाला ते काढा. पाच ओळींचं वाटणारं हे काम भाषेचा स्वभाव दाखवतं. सीएसव्हीतून आलेला भाव मजकूर असतो, आकडा नसतो. तसाच तुलनेला लावला तर ९५० हा १८५० पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिलं अक्षर ९ हे १ च्या पुढचं. आकड्यात बदलायला गेलात आणि भाव ‘१,८५०’ असा स्वल्पविरामासह असला, तर पायथन आणि जावा तिथेच एरर देऊन थांबतात. जावास्क्रिप्टचं पार्सइंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) मात्र स्वल्पविरामापाशी थांबून गुपचूप १ देतं. रिकामा रकाना जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ या फंक्शनला दिला, तर ते त्याचं शून्य करतं. कोणत्या भाषेची कटकट तुम्हाला परवडते हे दोन दिवसांत कळतं. गावांची नावं मराठीत असतील आणि विंडोजवर फाइल उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगायचं राहिलंय.

मशीनचं थोडक्यात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरतं. मोबाइल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा असेल तर १६ जीबी धरा. जुना लॅपटॉप हार्डडिस्कचा असेल तर नवा घेण्याआधी एसएसडी बसवून बघा. विंडोजवर पायथन टाकताना पाथमध्ये (विंडोज जिथे कमांड शोधतं त्या यादीत) जोडण्याच्या चौकटीवर टिक करा. ती राहिली की कमांड ओळखलीच जात नाही आणि पहिली संध्याकाळ त्यातच जाते. जावाची १७ किंवा २१ ही आवृत्ती घ्या, दोन्हींना दीर्घकालीन सपोर्ट आहे.

क्लास लावायचाच असेल तर आधी नोट्स मागा. पायथनच्या नोट्समध्ये प्रिंटपुढे कंस नसेल तर त्या पायथन २ च्या आहेत, आणि त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. जावाच्या नोट्समध्ये लॅम्डा आणि स्ट्रीम (यादीवरचं काम थोडक्यात लिहायच्या सोयी) नसतील तर त्या २०१४ च्या आधीच्या समजा. मुलाखतीत हेच दोन विषय हमखास निघतात. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा क्लास असो की घरबसल्या ऑनलाइन, आठवड्याला किती तास तुमच्या हाताने कोड लिहून घेणार, हे विचारून घ्या.

वेळ रोज दोन तास, सहा महिने. पहिले दहा आठवडे फक्त भाषा: लूप, फंक्शन, लिस्ट, मॅप, फाइल, एरर हाताळणं. नंतर चार आठवडे एसक्यूएल, जॉइन (दोन तक्ते जोडणं) आणि ग्रुप बाय (गट पाडून हिशेब) न बघता लिहिता येईपर्यंत. गिट पहिल्या आठवड्यापासूनच. उरलेल्या वेळात एकच प्रोजेक्ट शेवटापर्यंत न्या. तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो, कुणीतरी दुसऱ्या भाषेचं नाव सांगतं आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात होते. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. कॅम्पसच्या कोडिंग टेस्टमध्ये बहुधा सी, सी++, जावा, पायथन यांपैकी कोणतीही चालते, त्यामुळे तेवढ्यासाठी भाषा बदलू नका.

पुण्याला मुलाखत असेल तर नाशिकहून अंतर सुमारे २१० किलोमीटर आहे आणि एसटीला पाच तास लागतात. सकाळी दहाची वेळ दिली असेल तर आदल्या दिवशीच निघा. आणि निघण्याआधी घरचं वायफाय बंद करून प्रोजेक्ट एकदा चालवून बघा. डेटाबेस ऑनलाइन ठेवला असेल तर तो तिथे मोबाइलच्या नेटवर अडखळण्याआधी घरीच कळलेलं बरं.