एमआरआय नॉर्मल आला, त्रास तसाच आहे. आता काय करायचं?

बाबांच्या दुसऱ्या एमआरआयचा रिपोर्ट आला तेव्हा मी आणि ताई त्यातल्या शेवटच्या ओळीवर बराच वेळ अडून बसलो होतो. 'एज रिलेटेड चेंजेस. क्लिनिकली कोरिलेट.' बाबांचे दोन्ही हात थरथरत होते, चालताना पाय घासत होते, चेहरा मुखवट्यासारखा झाला होता. आणि हातातला कागद म्हणत होता की मेंदू वयाच्या मानाने ठीक आहे.

'क्लिनिकली कोरिलेट' याचा अर्थ मला नंतर कळला. स्कॅन वाचणारा डॉक्टर म्हणत असतो: फोटोत काय दिसलं ते मी लिहिलंय, आता पेशंटला हात लावून तपासा आणि जुळतंय का बघा. आम्ही नेमकं तेच सोडून तिसऱ्या एमआरआयची चौकशी करत होतो. तुम्हीही त्याच वळणावर असाल तर पुढचं वाचा.

यातलं काही असेल तर लेख बाजूला ठेवा

तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अचानक अडखळणं. आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक डोकेदुखी. तापासोबत बरळणं किंवा मान आखडणं. ५ मिनिटांत न थांबणारी फीट. लघवी अडणं आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा. यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा, थेट हॉस्पिटल गाठा. लकव्यात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पहिल्या काही तासांतला स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे 'सकाळीच तर सीटी काढला' म्हणून घरी थांबू नका.

पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा हाही तातडीचाच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरेची साथ आली, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्या आजारात बिघाड नसांमध्ये असतो, मेंदूचा स्कॅन स्वच्छ येतो आणि माणूस मात्र व्हेंटिलेटरपर्यंत जाऊ शकतो.

स्कॅनला काय दिसत नाही

विहिरीवरच्या पंपाचा फोटो काढला तर आवरण फुटलंय का ते कळेल. एक फेज गेलीय का ते कळणार नाही. एमआरआय म्हणजे असाच, खूप बारकाईने काढलेला फोटो. गाठ, रक्तस्राव, सूज, जुना लकवा त्यात दिसतो. मायग्रेन, बऱ्याच प्रकारचा अपस्मार (फिटांचा आजार), सुरुवातीचा पार्किन्सन, मायस्थेनिया (वापरले की स्नायू दमत जातात तो आजार), बी-१२ ची कमतरता, हातापायांच्या नसांचे आजार यांत नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुतेकदा काहीच सापडत नाही. कधी कधी फोटो चुकीच्या जागेचा काढलेला असतो. पाय जड पडतात, पण दबाव मानेच्या मणक्यात असतो. मेंदूच्या एमआरआयमध्ये मानेचा वरचा थोडासाच भाग येतो.

उलटही होतं. रिपोर्टमध्ये 'हायपरइंटेन्सिटी', म्हणजे पांढरे ठिपके लिहिलेले असतात आणि घरात रडारड सुरू होते. पन्नाशीनंतर, बीपी-शुगर असलेल्यांत, मायग्रेनवाल्यांत असे ठिपके सर्रास दिसतात. त्रासाचं कारण तेच असेल असं नाही.

'चक्कर' म्हणू नका, काय होतं ते सांगा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. मेंदूविकारतज्ज्ञाला निम्म्याहून अधिक दिशा पेशंटच्या बोलण्यातून मिळते, आणि आपण मराठी माणसं चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच 'चक्कर' म्हणतो.

खोली गरगरते का? तेही अंथरुणात कूस बदलली की, मिनिटभरच? मग बहुधा कानाच्या आतले कण जागेवरून हललेत. डॉक्टर तुम्हाला झटकन आडवं करून डोळे बघतात आणि तिथेच डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून कण जागेवर आणतात. यासाठी एमआरआय काढलेले कितीतरी लोक मी पाहिलेत.

उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते का? मग आधी आडवं आणि मग उभं राहून बीपी मोजा, ईसीजी काढा, बीपीच्या गोळ्यांचा डोस तपासून घ्या.

डोकं ठीक, पण पाय भलतीकडे पडतात का? अंधारात जास्त? बेसिनशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो? हे डॉक्टरांना सांगाच. पायांकडून मेंदूकडे जाणारा निरोप तुटत असल्याची ती खूण आहे, आणि बी-१२ च्या कमतरतेत ती दिसते.

आणि डोकं नुसतं हलकं, रिकामं वाटत असेल तर झोप, धास्ती, श्वास यांबद्दलही मोकळेपणाने बोला.

'कमजोरी'चंही तसंच. फळीवरचा डबा काढता येत नाही की थकवा आहे? भारतीय बैठकीच्या संडासातून उठायला नळ धरावा लागतो का? चप्पल पायातून निसटते तेव्हा कळतं, की चार पावलं गेल्यावर मागून कुणी सांगतं? कळत असेल तर ताकद कमी आहे, कळत नसेल तर संवेदना गेली आहे. भाकरी चावताना जबडा दमतो, संध्याकाळी पापणी खाली येते, सकाळी सगळं ठीक असतं? हे वर्णन नीट ऐकलं तर डॉक्टरांच्या मनात मायस्थेनिया लगेच येतो.

एका कागदावर तारखा लिहा. पहिल्यांदा काय झालं, कधी, कसं वाढलं. दिवसागणिक, महिन्यागणिक, की अचानक येऊन जाणारं? पुरावा म्हणून फाइलची जाडी कामाची नाही, हा एक कागद कामाचा आहे.

झटका आला तर मोबाइल काढा

कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि दुसऱ्या कुणाला तरी शूटिंग करायला सांगा. डोळे उघडे होते की मिटलेले, कोणती बाजू आधी हलली, जीभ चावली गेली का, किती वेळाने माणसं ओळखली. डॉक्टरांसमोर झटका क्वचितच येतो, त्यामुळे असा व्हिडिओ पुष्कळदा पुढच्या तपासणीपेक्षा कामाला येतो. थरथर, चाल, अडखळणारं बोलणं यांचंही शूटिंग करा. तक्रार भूतबाधेची आहे असं घरातल्या मोठ्यांना वाटत असेल, तर वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनाही सोबत न्या. पाहिलेलं तेच सगळ्यात बारकाईने सांगतात.

गोळ्यांचा डबा

आमची गाडी इथे रुळावर आली. तिसऱ्या डॉक्टरांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. "काका, जरा वळा बरं. परत या." वळायला बाबांना सहा-सात छोटी पावलं लागली. मग शर्टाची बटणं लावायला सांगितली. मग म्हणाले, "घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या आणा. चालू, बंद, आयुर्वेदिक, सगळ्या."

दुसऱ्या दिवशी ताईने श्रीखंडाचा रिकामा डबा टेबलावर उपडा केला. बीपीची पट्टी, शुगरची पट्टी, आणि अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल, जी कुणीतरी १५ दिवसांसाठी लिहून दिली होती. बाबा आठ महिने मेडिकलमधून तीच मागवत होते. तिच्यात रॅबेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड होतं. डॉक्टरांनी पट्टी उलटी करून वाचली आणि बोट ठेवलं. या औषधाने पार्किन्सनसारखीच लक्षणं येऊ शकतात. चक्करवरचं सिनारिझिन, मायग्रेनवरचं फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड यांच्याबाबतही हा धोका असतो, आणि वयस्कर माणसांत जास्त. बाबांची ती कॅप्सूल बंद केल्यावर थरथर दोनेक महिन्यांत उतरली. पाय घासणं जायला सहा महिने लागले. सगळ्यांचंच असं पूर्ण उतरतं असं नाही, काहींमध्ये त्याखाली खरा पार्किन्सन निघतो.

म्हणून डबा न्याच. भस्म, चूर्ण, परदेशातून आलेली व्हिटॅमिनं यांसकट. काही भस्मांत शिसं किंवा पारा सापडतो. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर आयसोनियाझिडने नसांना त्रास होतो, त्यासाठी बी-६ सोबत देतात. मात्र हे वाचून कुठलीही गोळी आपणहून बंद करू नका. फिटांची गोळी अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

इंजेक्शनाआधी रक्त

हातपाय बधिर झाले की आपल्याकडे पहिल्यांदा काय होतं? लाल रंगाचं बी-१२ चं इंजेक्शन. नंतर रक्त तपासलं की बी-१२ भरपूर येतं आणि खरं कारण झाकलं जातं. म्हणून आधी रक्त द्या. शाकाहारी माणसं, वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल घेणारी माणसं यांत ही कमतरता विशेष दिसते. सोबत थायरॉइड, शुगर, सोडियम, कॅल्शियम, यकृत-मूत्रपिंड, एवढं साधं तरी झालेलं असावं. हे झालेलं नसताना महागड्या अँटिबॉडीच्या तपासण्यांकडे धावणं मला तरी उलटं वाटतं.

कुणाकडे जायचं

न्यूरोसर्जन ऑपरेशन करतात. निदान न झालेल्या त्रासासाठी न्यूरोफिजिशियन, म्हणजे न्यूरॉलॉजीत डीएम किंवा डीएनबी केलेले डॉक्टर गाठा. या दोन पाट्यांमधला फरक माहीत नसल्याने आमचे दोन महिने गेले. घरचा डॉक्टर चांगला असेल तर त्याची चिठ्ठी घ्या; त्याला तुमचा दहा वर्षांचा इतिहास ठाऊक असतो.

मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आणि अगदी गुंता असेल तर बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. केसपेपरसाठी पहाटे रांग लावावी लागते, पण अवघड केसेस तिथे रोज बघितल्या जातात. महाराष्ट्र सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या तपासण्या बहुधा खिशातूनच होतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात स्वतः जाऊन विचारा.

तोच स्कॅन पुन्हा नको

नवा एमआरआय काढण्याआधी जुन्याची सीडी किंवा लिंक घ्या. नुसती फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाही. फक्त मेंदूच्या स्कॅनमध्ये मुरलेल्या रेडिओलॉजिस्टने तीच चित्रं पुन्हा पाहिली की कधी कधी उत्तर तिथेच निघतं, पण त्यांना लक्षणं लिहून द्यायला हवीत. पुन्हा काढायचाच असेल तर विचारा: या वेळी वेगळं काय? कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला? फिटांसाठीचा खास प्रोटोकॉल? मणका? उत्तर 'तसाच, फक्त दुसरीकडे' असं असेल तर थांबा. हॉस्पिटलने कागद दिले नाहीत तर लेखी मागा; मागणीनंतर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे.

बाकीच्या तपासण्या

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाला, जाताना केस धुऊन, तेल न लावता जा. पहिला ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही. रात्रभर जागवून पुन्हा काढतात. एनसीव्हीत, म्हणजे नसांचा वेग मोजायच्या तपासणीत, नसांना बारीक झटके देतात, त्रास सोसवण्याइतका असतो. आजार सुरू होऊन चारच दिवस झाले असतील तर तीही नॉर्मल येऊ शकते.

आणि पाठीतलं पाणी. 'पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' हे आमच्या गावात अजून ऐकू येतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. स्कॅनमध्ये न दिसणारा मेंदूज्वर, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला हल्ला, डोक्यातला वाढलेला दाब या पाण्यातून कळतो. डॉक्टर सुचवत असतील तर कारण विचारा, पण केवळ या भीतीपायी नाही म्हणू नका.

'टेन्शन आहे' असं सांगितलं तर

दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या जातात. एक म्हणजे 'मला काही सापडलं नाही, जा.' ते निदान नव्हे. दुसरी म्हणजे फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, ज्यात मेंदूची रचना शाबूत असते आणि आज्ञा नीट पोचत नाहीत. याच्या तपासायच्या खुणा असतात. दुबळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर जोर लागत नाही. दुसरा पाय उचलायला सांगितला की त्याच टाचेला आपोआप जोर येतो. हूव्हर नावाच्या डॉक्टरने ही खूण १९०८ मध्ये नोंदवली. हे नाटक नव्हे, पेशंट मुद्दाम करत नाही, आणि खास फिजिओथेरपी व समुपदेशनाने पुष्कळ जण सुधारतात. तेव्हा विचारा: "कोणत्या खुणेवरून म्हणताय?" खूण दाखवता आली तर उपचार मनापासून घ्या. दाखवता आली नाही तर दुसरं मत घ्या.

नाव सापडलं नाही तर

काही आजार वर्षभराने स्वतःची ओळख दाखवतात. अशा वेळी दर महिन्याला नवा डॉक्टर गाठण्यापेक्षा एकाच डॉक्टरांना तीन-चार महिन्यांनी पुन्हा दाखवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मागच्या वेळी हातोडीने ठोकल्यावर गुडघा कसा उडाला हे त्यांच्याच कागदावर असतं. निघताना तीन प्रश्न विचारून उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: काय काय नाही हे नक्की झालं? अजून कशाचा संशय आहे? आणि कोणतं लक्षण दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं? तिसऱ्याचं उत्तर फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं.