कणनिर्मितीतील स्केलिंग तपासताना या चुका टाळा

अणुकेंद्रके किंवा प्रोटॉन एकमेकांवर आदळल्यावर तयार होणाऱ्या कणांची, वेगवेगळ्या ऊर्जांची किंवा वेगवेगळ्या केंद्रीयतेची (टक्कर किती समोरासमोर झाली याची) मापने योग्य राशीने भागली की ती एकाच वक्रावर येऊन बसतात, यालाच स्केलिंग म्हणतात. कशाने भागायचे हे ठरवतानाच बहुतेक चुका होतात, आणि त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टकरीत सहभागी झालेल्या न्यूक्लिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची) संख्या आणि त्यांच्यात जोडीजोडीने झालेल्या न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन टकरींची संख्या यांची गल्लत. प्रति न्यूक्लिऑन-जोडी २०० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या सर्वाधिक केंद्रीय सोने-सोने टकरींत पहिली संख्या सुमारे ३५० असते, तर दुसरी १००० च्या वर जाते. एकूण विद्युतभारित कणांची संख्या ढोबळमानाने पहिलीच्या मागे जाते. दुसरीचा हिशेब मोठ्या अनुप्रस्थ (शलाकेला लंब दिशेतील) संवेगाच्या कठोर प्रक्रियांना, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांच्या जोरदार टकरींना, लागू पडतो. त्यामुळे कमी संवेगाच्या कणांची संख्या टकरींच्या संख्येने भागून प्रोटॉन-प्रोटॉन टकरींशी काढलेले गुणोत्तर १ च्या खाली आले, तर तो टकरीत तयार झालेल्या तप्त माध्यमातील ऊर्जाऱ्हासाचा पुरावा ठरत नाही. मोठ्या संवेगाला मात्र ही घट खरी असते: अमेरिकेतील 'फीनिक्स' प्रयोगात पायॉन (क्वार्कांपासून बनलेले हलके कण) सुमारे पाचपट कमी आढळले, पण माध्यमाशी तीव्र आंतरक्रिया न करणाऱ्या थेट फोटॉनांचे (टकरीतच जन्मलेल्या प्रकाशकणांचे) गुणोत्तर १ च्या आसपास राहिले. माझ्या मते भाजक बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी याहून चांगली कसोटी नाही.

या दोन्ही संख्या मोजलेल्या नसून ग्लाउबर प्रतिमानातून (अणुकेंद्रकांच्या टकरीच्या भौमितिक गणितातून) काढलेल्या असतात, हे सहज विसरले जाते. या गणितात लागणारा प्रोटॉन-प्रोटॉन अप्रत्यास्थ काटछेद (नवे कण निर्माण करणारी टक्कर होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात) २०० जीईव्हीला सुमारे ४२ मिलीबार्न, तर २.७६ टीईव्हीला (म्हणजे २७६० जीईव्हीला) सुमारे ६४ मिलीबार्न असतो; जुनाच आकडा ठेवून नव्या ऊर्जेची टकरींची संख्या काढली, तर स्केलिंग मोडल्याचा खोटा भास होतो. अगदी परिघीय (कडेने घासून जाणाऱ्या) टकरींत गुणोत्तर १ च्या खाली दिसले, तर आधी घटनांच्या निवडीतला कल तपासावा, कारण बहुकणतेवरून (तयार झालेल्या कणांच्या संख्येवरून) केलेले वर्गीकरणच अशी घट निर्माण करू शकते.

कणसंख्येच्या आलेखात स्यूडोरॅपिडिटीच्या (कणाच्या शलाकेशी असलेल्या कोनावरून काढलेल्या राशीच्या) मध्यभागी दिसणारा खळगा बराचसा रॅपिडिटीकडून (शलाकेच्या दिशेतील वेगाच्या मापाकडून) होणाऱ्या चल-बदलाचा परिणाम असतो, म्हणून त्याला भौतिक अर्थ देण्याची घाई करू नये.

लंबवृत्ती प्रवाहाचे (कण काही दिशांना जास्त, काहींना कमी बाहेर पडण्याचे), कणातील घटक क्वार्कांच्या संख्येने भागून होणारे स्केलिंग केवळ आलेखाकडे पाहून मान्य करू नये. संदर्भ-वक्राशी गुणोत्तर काढावे. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील 'ॲलिस' प्रयोगात सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे विचलन दिसले, ते अशाच तुलनेमुळे.

१९७२ साली कोबा, नील्सन आणि ओलेसेन यांनी मांडलेले बहुकणता-स्केलिंग (कणसंख्येचे वितरण सरासरीने भागले की ते सर्व ऊर्जांना एकच येते, हे भाकीत) ५४६ जीईव्हीच्या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींत पूर्ण अवकाशात (सर्व दिशांचे कण मोजल्यावर) मोडले, पण मध्यवर्ती अरुंद पट्ट्यात ते पुढेही बऱ्यापैकी टिकलेले दिसते. त्यामुळे स्यूडोरॅपिडिटीचा पट्टा न सांगता ते टिकले किंवा मोडले असे लिहिणे ही चूकच आहे.